दम लागतो तेव्हा

‘दम’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत तुम्ही तो रोज बोलता. दम म्हणजे श्वास. फारसीतून तो उर्दूत आला, तसाच मराठीतही आला आणि इथलाच होऊन गेला. मराठीत जिना चढताना ‘दम लागतो’. मग आपण घटकाभर बसून ‘दम खातो’. घाई करणाऱ्याला ‘जरा दम धर’ असे सांगतो. आणि गृहपाठ केला नाही, तर गुरुजी ‘दम देतात’! एकाच लहानशा शब्दाची किती रूपे, पाहा. या पाठात आपण पहिल्या अर्थाचा दम पाहणार आहोत. डोंगर चढताना लागणारा.

विक्रोळीचेच उदाहरण घेऊ. पूर्वेला ठाण्याची खाडी आहे, खारफुटीचे जंगल आहे. म्हणजे समुद्राचे पाणी अगदी दारात. पश्चिमेला पार्कसाइटची टेकडी आहे. टेकडीच्या उतारावर दाटीने घरे आहेत आणि घरांमधून पायऱ्या वर जातात. तिथली मुले दप्तर घेऊन, कधी पाण्याचा हंडा किंवा कॅन घेऊन, या पायऱ्या दिवसातून कितीदा तरी चढतात. त्यांना कोणी गिर्यारोहक म्हणत नाही. पण डोंगर चढायला लागणारे पाय त्यांच्याजवळ आधीच तयार असतात. टेकडी चढताना त्यांनाही दम लागतो. तो दम मात्र पायांच्या श्रमाचा असतो. हवेत काही कमी नसते.

हवा कमी होते ती त्याहून फार वर गेल्यावर. हे समजण्यासाठी आपण एका रविवारी कळसूबाईला जाऊ.

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची 1646 मीटर. ते अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात आहे. विक्रोळीहून पहाटेची धीमी लोकल पकडायची, ठाण्याला उतरून कसारा लोकल धरायची. कसाऱ्याला लोकलची हद्द संपते. पुढे कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी आणि मग डोंगराच्या पायथ्याचे बारी गाव. बाहेरगावच्या गाडीने कधी गेलात, तर स्टेशनच्या पिवळ्या पाटीकडे जरूर पाहा. गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. समुद्रसपाटी म्हणजे समुद्राच्या पाण्याची सरासरी पातळी. सगळे डोंगर तिथूनच मोजतात. इगतपुरीला पोहोचेपर्यंत तुम्ही जवळजवळ 600 मीटर वर आलेले असता, आणि पायांना एवढेही श्रम झालेले नसतात.

बारी गावातून पायी वाट सुरू होते. आधी शेते, मग झाडी, मग उघडा कातळ. कातळ म्हणजे सलग, टणक खडक. जिथे कातळ उभा आहे, तिथे लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. शिड्यांवर धक्काबुक्की करायची नाही. एक जण वर पोहोचला की मगच दुसऱ्याने पाय ठेवायचा. तीन तासांत चांगला चालणारा माणूस माथ्यावर पोहोचतो. माथ्यावर कळसूबाईचे छोटेसे देऊळ आहे. कळसू नावाच्या एका मुलीची कथा आसपासच्या गावांतली माणसे सांगतात. नवरात्रात इथे जत्रा भरते, आणि डोक्यावर टोपली, कडेवर मूल घेतलेल्या बायका न थांबता वर येतात. आपण शहरातली माणसे मात्र पाण्याची बाटली सांभाळत दर वळणाला बसतो!

माथ्यावरून चौफेर पाहा. एका बाजूला भंडारदऱ्याचे पाणी चमकते. दुसरीकडे अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले खांद्याला खांदा लावून उभे आहेत. आता गंमत पाहा. ‘किल्ला’ हा शब्द तुमच्या ओळखीचा. किल्ल्याचा ‘दरवाजा’, ‘बुरूज’, ‘तोफ’ हेही तुमचेच. गडाच्या सर्वांत उंच भागाला मराठीत ‘बालेकिल्ला’ म्हणतात. ‘बाला’ म्हणजे वरचा, हे तुम्हांला सांगायला नकोच. सह्याद्रीत फिरताना उर्दू शाळेतल्या मुलाला निम्मे शब्द आधीच येत असतात. ‘माची’, ‘कडा’, ‘खिंड’, ‘सुळका’ एवढे चार नवे शिकले, की वाट विचारायला अडचण नाही. माची म्हणजे बालेकिल्ल्याखालची सपाट जागा. सुळका म्हणजे बोटासारखा उभा खडक. आणि खिंड म्हणजे दोन डोंगरांमधली जाण्याची वाट. उर्दूत तिला दर्रा म्हणतात.

कळसूबाईवर वारा थंड लागतो. याचे कारण आहे. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे विक्रोळीत 30 अंश असेल, तर इथे 20 च्या आसपास. हवेचा दाबही खालच्यापेक्षा सहाव्या हिश्शाने कमी झालेला असतो. पण एवढ्याने निरोगी माणसाला त्रास होत नाही. सह्याद्रीत कुठेही गेलात, तरी विरळ हवेने कोणी आजारी पडत नाही. इथले धोके वेगळे : पाय घसरणे, वाट चुकणे, ऊन आणि पाण्याची कमतरता. विरळ हवेचा प्रश्न सुरू होतो तो हिमालयात, साधारण अडीच हजार मीटरच्या वर.

फार पूर्वी हा प्रश्न एका इतिहासकाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्याचे नाव मिर्झा हैदर दुघलत. तो बाबर बादशहाचा मावसभाऊ. काशगरकडचा सुलतान सईद खान याच्या पदरी तो सेनापती होता. लडाख आणि तिबेटवर निघालेल्या सुलतानाच्या मोहिमेत तो होता. पुढे तो काश्मीरचा राज्यकर्ता झाला, आणि तिथे त्याने ‘तारीख-इ-रशिदी’ हा फारसी ग्रंथ लिहिला. त्यात त्याने तिबेटच्या उंच प्रदेशातल्या एका विचित्र आजाराचे वर्णन केले आहे. या आजाराला त्याने दिलेले नाव ‘दमगीरी’. तुम्हांला त्याचा अर्थ लगेच कळेल : दम धरून ठेवणारा, श्वास पकडणारा आजार.

हैदर लिहितो, की माणसाला मळमळते, ओझे घेऊन चढावर धावल्यासारखी धाप लागते. झोप येत नाही. आली तरी छाती दडपून दचकून जाग येते. आजार वाढला, की तो असंबद्ध बोलू लागतो. आणि त्याने एक फार महत्त्वाची गोष्ट टिपून ठेवली. असा रोगी वेळेत खालच्या गावात किंवा किल्ल्यात पोहोचला, तर वाचण्याची आशा असते; नाहीतर नाही. हा आजार परक्यांना होतो, तिथल्या रहिवाशांना होत नाही, हेही त्याच्या ध्यानात आले. सुलतान सईद खान स्वतः 1533 साली लडाखहून परतताना याच आजाराने वाटेत मरण पावला. तलवार, घोडे, खजिना सगळे बरोबर होते. पुरेशी हवा तेवढी नव्हती.

असे का होते? आता विज्ञानाकडे वळू. पुष्कळांना वाटते, की उंचावर हवेतल्या प्राणवायूचा वाटा कमी होतो. तसे नाही. हवेत सर्वत्र सुमारे 21 टक्के प्राणवायू असतो, विक्रोळीत आणि एव्हरेस्टवरही. मात्र खाली हवा स्वतःच्या वजनाने दाबलेली, दाट असते. कापसाच्या गाद्या एकावर एक रचल्या, तर तळाची गादी दबते आणि वरची फुललेली राहते, तसेच हे. वरची हवा विरळ. तोच एक श्वास घेतला, तरी छातीत जाणारा प्राणवायू कमी. लेह शहर 3500 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. 5500 मीटरवर तो निम्मा होतो. 8848.86 मीटर उंचीच्या एव्हरेस्टवर तो जेमतेम एक तृतीयांश उरतो.

शरीर मात्र हुशार असते. त्याला थोडे दिवस दिले, तर ते श्वास वाढवते, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवते आणि नव्या हवेशी जुळवून घेते. घाई केली, तर जुळवून घ्यायला त्याला वेळच मिळत नाही. 1962 च्या चीनबरोबरच्या युद्धाच्या वेळी आपल्या जवानांना मैदानी मुलखातून एकदम उंच सीमेवर जावे लागले. त्या काळात अनेक जवान या आजाराने पडले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 1925 जवानांचा अभ्यास केला आणि तो 1969 साली प्रसिद्ध केला. जगभरच्या डॉक्टरांनी तो वाचला. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर, रोजची झोपण्याची जागा आधीच्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून जास्त उंच नसावी, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असे आज डॉक्टर सांगतात. दिवसा त्याहून वर चढले तरी चालते. रात्री खाली येऊन झोपायचे.

आता हिमालयातला एक दिवस पाहू. हिमाचल प्रदेशात पार्वती नदीच्या खोऱ्यात कसोल नावाचे गाव आहे. तिथून सार पास या खिंडीपर्यंत जाणारी पदभ्रमणाची वाट मुंबईच्या मुलामाणसांत फार लोकप्रिय आहे. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अनेक वर्षे मे-जूनमध्ये तिथे तंबू ठोकून मोहिमा भरवत आली आहे. कसोल सुमारे 1600 मीटरवर आहे. पुढे ग्रहण गाव आणि मग एकेक छावणी करीत माणसे चढतात. खिंडीखालची शेवटची छावणी नगारू. ती साडेतीन हजार मीटरच्याही वर आहे. खिंड 4200 मीटरवर. म्हणजे अडीच कळसूबाया एकमेकींच्या डोक्यावर ठेवल्या, तरी खिंड थोडी उंचच भरेल.

समजा, तुम्ही नगारूच्या तंबूत आहात. संध्याकाळ झाली आहे. बाहेर वारा तंबूचे कापड फडफडवतो आहे. जेवणाची शिट्टी झाली, पण तुमच्या शेजारचा मुलगा उठत नाही.

“अरे, जेवायला चल ना!”

“भूक नाही मला.”

“दुपारीही तू खाल्लं नाहीस. डोकं दुखतंय का?”

“थोडंसं. पण सरांना सांगू नकोस हं! उद्या खिंड आहे. ते मला खाली पाठवतील. अब्बांनी पैसे भरलेत, घरी जाऊन काय सांगू?”

आता तुम्ही काय कराल? मैत्री म्हणजे त्याचे गुपित राखणे, असे तुम्हांला वाटेल. त्याचे म्हणणेही काही खोटे नाही. पैसे भरलेले आहेत, आठ-दहा दिवस पाय दुखवून तो इथपर्यंत आलेला आहे, आणि खिंड उद्या सकाळी समोर आहे. पण डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न येणे ही दमगीरीची पहिली लक्षणे आहेत, हे तुम्ही आत्ताच वाचले. याला डॉक्टर पर्वतीय आजार म्हणतात. या टप्प्यावर तो किरकोळ असतो. आणखी वर न जाता विश्रांती घेतली, तर बहुधा बरा होतो. मात्र अशा डोक्याने आणखी वर चढले, तर एखाद्याच्या फुप्फुसांत पाणी साचते. मग बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो. एखाद्याच्या मेंदूला सूज येते. तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, त्याला सरळ रेषेत चालता येत नाही. या दोन्ही अवस्थांत काही तासही मोलाचे असतात, आणि खरा उपाय एकच : त्याला ताबडतोब खाली नेणे. औषध आणि प्राणवायूची नळकांडी मदत करतात, पण खाली उतरण्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

तेव्हा तुम्ही तंबूतून उठता आणि छावणीप्रमुखाला सांगता. तो रागावत नाही. तो मुलाजवळ बसतो, चार प्रश्न विचारतो, जमिनीवर रेघ ओढून तिच्यावरून पायाला पाय लावून चालायला सांगतो. मुलगा नीट चालतो. “ठीक आहे,” छावणीप्रमुख म्हणतो, “पण उद्या तू वर नाही, खाली.” मुलगा तुमच्याकडे पाहत नाही. रात्रभर तो तुमच्याशी बोलत नाही. हे थोडे कठीण जाते.

पहाटे तीन वाजता शिट्टी होते. इतक्या लवकर का? कारण रात्रीच्या थंडीने बर्फ घट्ट झालेले असते, त्यावर पाय टिकतो. ऊन चढले, की तेच बर्फ मऊ होते आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. शिवाय दुपारी ढग येतात, आणि ढगात खिंड ओलांडणे धोक्याचे. चहा पिऊन, कपड्यांवर कपडे चढवून तुम्ही रांगेत उभे राहता. पुढचा वाटाड्या बर्फकुऱ्हाडीने पायऱ्या खोदत जातो. त्याच्या पावलात तुमचे पाऊल. एक पाऊल, एक श्वास. कोणी पुढे पळत नाही. पार्कसाइटच्या पायऱ्या धावत चढणारा मुलगाही इथे मुंगीसारखा चालतो, आणि त्यात काही कमीपणा नाही.

सूर्य उगवतो तेव्हा सगळे पांढरे आधी गुलाबी आणि मग इतके लख्ख होते, की काळ्या चष्म्याशिवाय डोळे उघडत नाहीत. चष्मा शोभेसाठी नव्हे, बरे का. बर्फावरून परतणारे ऊन डोळ्यांना भाजते. काही तासांनी असह्य टोचणी लागते आणि दिसेनासेही होते. हनुवटीची खालची बाजूसुद्धा उन्हाने काळवंडते, कारण इथे ऊन खालूनही येते!

खिंडीत तुम्ही थांबता ते थोडाच वेळ. पलीकडे शिखरांच्या रांगा दिसतात. खाऊचा डबा उघडता, बोटे गारठलेली असतात. मग येते मोठी घसरगुंडी. बर्फाच्या उतारावर एकेकाने बसायचे, पाय पुढे जोडायचे आणि वाटाड्याने सांगितल्यावर स्वतःला सोडून द्यायचे. तासाभराची उतरण काही क्षणांत संपते. ओरडून ओरडून सगळ्यांचे घसे बसतात. रात्रीचा मुक्काम बिस्केरीला, सुमारे 3350 मीटरवर. खिंडीपेक्षा 850 मीटर खाली. तिथे पोहोचता पोहोचता डोके हलके होते आणि सकाळी न गेलेला घास आता दोन वेळा वाढून घेतला जातो. स्वयंपाकघराच्या तंबूत प्रेशर कुकर शिट्ट्या देत असतो. उंचावर पाणी 100 अंशांच्या आधीच उकळते. 4200 मीटरवर तर सुमारे 86 अंशांनाच. त्यामुळे साध्या पातेल्यात डाळ तासन्‌तास शिजत नाही. शाळेत विज्ञानाच्या तासाला हे वाचताना कंटाळा येतो. भूक लागल्यावर येत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळे मोठ्या आणि श्रीमंत माणसांचे खेळ. तसेही नाही. सुरेंद्र चव्हाण यांनी 18 मे 1998 रोजी एव्हरेस्ट सर केले, तेव्हा तिथे पोहोचणारे ते पहिले मराठी गिर्यारोहक ठरले. त्यानंतर 20 वर्षांनी, मे 2018 मध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतले 5 आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. आश्रमशाळा म्हणजे मुलांची राहण्याची आणि शिकण्याची सोय असलेली सरकारी शाळा. त्यांनी आधी कित्येक महिने शिक्षण घेतले होते, लहान डोंगर चढले होते. त्यांच्या चमूतले बाकीचे विद्यार्थी माथ्यापर्यंत न जाता परत फिरले. वर्तमानपत्रांनी पाच नावे मोठ्या अक्षरांत छापली. परत फिरलेल्यांची नावे कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. पण तेही त्याच शाळांचे आणि त्याच वाटेवरचे होते.

आणि तुमच्या तंबूतला तो मुलगा? सकाळी एक वाटाड्या त्याला घेऊन खालच्या छावणीत गेला. तिथे पोहोचेपर्यंत त्याची डोकेदुखी निम्मी झाली होती. संध्याकाळी त्याने दोन थाळ्या भात खाल्ला. दोन दिवसांनी तुम्ही कसोलला उतरता, तेव्हा तो नदीकाठी चहाचा पेला घेऊन बसलेला असतो. तो अजून थोडा रुसलेला आहे. तुम्ही शेजारी बसता. बराच वेळ कोणी बोलत नाही. मग तोच विचारतो, “घसरगुंडी खरंच तेवढी मोठी होती का रे?”

स्वाध्याय

1. ‘दम’ या शब्दाचे मराठीतले चार वाक्प्रचार पाठातून शोधा आणि वाक्यांत वापरा.
2. मिर्झा हैदरने दमगीरीबद्दल कोणत्या गोष्टी टिपून ठेवल्या?
3. खिंड ओलांडायला पहाटे का निघतात?
4. सोबत्याने डोकेदुखी लपवायला सांगितली. तुम्ही काय केले असते? आठ-दहा ओळींत लिहा.
5. तुमच्या घरात बोलले जाणारे आणि मराठीतही वापरले जाणारे दहा शब्द लिहून काढा. मोठ्या माणसांना विचारले तरी चालेल.